शॉर्ट आहे, उद्या या

आमचे नाना मुरूडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. तीस वर्षं त्यांनी खिडकीतून बाहेर एकच वाक्य सोडलं : "मुंबई गाडी वडखळला आहे, येईल." गाडी खरोखर वडखळला असायची की पनवेललाच टायर बदलत उभी असायची, हे नानांना ठाऊक नसायचं आणि विचारणाऱ्यालाही फार खोलात जायचं नसायचं. वाक्य ऐकलं की माणूस बाकावर जाऊन बसे. दोघांचंही काम झालं.

आता नाना खिडकीच्या दुसऱ्या बाजूला उभे असतात. खिडकी मेडिकलची. आतला पोरगा म्हणतो, "नाना, शॉर्ट आहे. मुंबईहून निघालंय. उद्या या."

पहिल्या दिवशी नाना घरी येऊन म्हणाले, "पोरगं तयार आहे. माझ्यापेक्षा चांगलं बोलतं."

जे शॉर्ट होतं ती एक कॅप्सूल. नानांच्या स्वादुपिंडात खडे झाले होते. खडा म्हटला की लोकांना मूत्रपिंड आठवतं, फार तर पित्ताशय. स्वादुपिंडातही खडे होतात हे निम्म्या मुरूडला नानांमुळे समजलं. उरलेल्या निम्म्याने 'घेत असतील चोरून' असा निकाल दिला. नाना माळकरी. दारू सोडा, आमच्याकडच्या लग्नातली सोलकढीसुद्धा 'बाजूला सुकट भाजलीय का' विचारून घेणारे. भारतातल्या जुनाट स्वादुपिंडदाहाची २००८ साली एक देशव्यापी पाहणी प्रसिद्ध झाली, तीत दारूपेक्षा 'कारण सापडत नाही' हेच खातं मोठं निघालं. पण पाहण्या तालुक्यापर्यंत पोहोचत नाहीत, अफवा पोहोचते. तिला वडखळ लागत नाही.

तर मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. उत्तम झालं. सरकारी योजनेत बसलं, खिशाला चटका बसला नाही. डिस्चार्जच्या दिवशी दुपारी चार वाजता हातात कागद मिळाला. त्यावर अकरा औषधं. सातव्या नंबरवर ही कॅप्सूल, तिच्यापुढे मारलेली एक लांब रेघ आणि 'चालू ठेवणे'. कुठवर? तर आयुष्यभर. कुठून? ते कागदावर नव्हतं. योजना ऑपरेशनची, आयुष्यभराच्या कॅप्सुलांची नव्हे. नऊ तासांचं ऑपरेशन करणारे हात थकले असतील, एक पत्ता लिहायचा राहून गेला असेल, असं मी मनाला समजावलं. नाना म्हणाले, "गाडीत बसवून दिलं, पण उतरायचं कुठे ते तिकिटावर नाही."

आता थोडं शरीरशास्त्र, नंतर पुन्हा टोमणे. स्वादुपिंड जठराच्या मागे आडवं पडलेलं असतं आणि दिवसाला लिटर-दीड लिटर रस आतड्यात सोडतं. त्या रसात तीन मुख्य विकरं : भातासाठी अमायलेज, डाळ-माशांसाठी प्रोटीएज आणि तेल-तूप-खोबऱ्यासाठी लायपेज. (विकर हा शब्द शाळेच्या पुस्तकात भेटतो, दोन मार्क देतो आणि पुन्हा कधी दिसत नाही. बाहेरच्या जगात तो एन्झाइम.) भाताची थोडीफार तजवीज लाळेतून होते, प्रथिनांची जठरातून. चरबीला मात्र लायपेजशिवाय फारसा वाली नाही. अवयव इतका सोशिक की नव्वद टक्के काम बंद पडेपर्यंत तक्रार करत नाही. एसटीसारखंच, दहा टक्के गाड्यांवर वेळापत्रक ओढून नेतो. मग एके दिवशी ओढवत नाही. तेव्हा खाल्लेलं तेल तसंच खाली जातं, वर तवंग घेऊन. माणूस चार वेळा जेवतो आणि वाळत जातो.

ही गोष्ट डॉक्टर विचारत नाहीत आणि पेशंट सांगत नाही. "शौचाला साफ होते का?" एवढाच प्रश्न असतो आणि "होते" हे उत्तर. आमच्याकडे ती बाब काकीने पकडली. "दोन बादल्या ओतल्या तरी जात नाही हो," ती म्हणाली. चरबी पचत नसल्याचं यापेक्षा नेमकं वर्णन मी वैद्यकाच्या कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. खात्री करायची तर शौचाची एक तपासणी असते, इलास्टेज नावाची. आकडा २०० च्या खाली आला की संशय पक्का होत जातो. नानांचा नमुना मुरूडहून मुंबईच्या लॅबला गेला, दुसऱ्या दिवशी पोहोचला. थंडगार डब्यात, सहीशिक्क्यासह. आमच्या किनाऱ्यावरून मुंबईला काय वेळेवर जातं आणि मुंबईहून काय वेळेवर येत नाही, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा.

गंमत अशी की मेडिकलवाल्याकडे एन्झाइम नव्हतं असं नाही. एन्झाइमचा नुसता पूर होता. लाल सिरप, पिवळं सिरप, अननसाच्या वासाचं, वेलचीच्या वासाचं, साखर असलेलं, नसलेलं, चघळायच्या गोळ्या, गिळायच्या गोळ्या, दोन बाटल्यांवर एक चमचा मोफत. रविवारी पोपटी खाऊन सोमवारी पोट धरून येणाऱ्या समस्त पर्यटकांची सोय. वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी भांबुर्डीच्या पाल्यात घालून मडक्यात भाजली की ती पचवायला रस नव्हे, संयम लागतो. पण संयमाची बाटली मिळत नाही, म्हणून सिरप. आमचे मुरूडचे डॉक्टर भला माणूस. त्यांनी मला स्वतःला तीन वर्षांत सात बाटल्या लिहून दिल्यात. सर्दीला एक दिली होती.

पोराने नानांना त्यातलीच एक काढून दिली. "तोवर हे घ्या. एन्झाइमच आहे."

नानांनी बाटली उजेडात धरली आणि चष्मा वर करून मागचं वाचलं. तीस वर्षं वेळापत्रकातलं बारीक टायपिंग वाचलेला माणूस. बाटलीवर लिहिलं होतं : फंगल डायास्टेज आणि पेप्सिन. मला फोन आला. "डायास्टेज म्हणजे काय रे?"

डायास्टेज म्हणजे भाताचं विकर. त्याची कथा खरं तर सुरस आहे. जोकिची ताकामिने नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने सोया सॉस आणि साके बनवताना वापरतात ती कोजी बुरशी गव्हाच्या कोंड्यावर वाढवली, तिच्यातून पिष्ट फोडणारं विकर काढलं, १८९४ साली अमेरिकेत पेटंट घेतलं आणि 'ताका-डायास्टेज' या नावाने पार्क-डेव्हिस कंपनीमार्फत अपचनाने बेजार अमेरिकनांना विकलं. तो गब्बर झाला. पुढे वॉशिंग्टन शहराला चेरीची झाडं भेट देण्यामागेही त्याचा हात होता. सव्वाशे वर्षं उलटली, पण आपल्या बाटलीवर बुरशीचं डायास्टेज अजून ठाण मांडून आहे. आणि कित्येक बाटल्यांत जे पेपेन असतं ते कच्च्या पपईच्या चिकाचं. मटण निबर निघालं की आमच्याकडे पपईची फोड टाकतात, तेच. म्हणजे भाताला आहे, मटणाला आहे. आणि तेलाला? अशा बहुतेक बाटल्यांत तेलाला काहीच नाही. नाना मटण खात नाहीत आणि भात त्यांना तसाही पचत होता. म्हणजे ज्या गाडीची गरज ती सोडून बाकी सगळ्या गाड्या फलाटाला लागलेल्या.

"हे तर अलिबागच्या माणसाला रोह्याच्या गाडीत बसवण्यासारखं झालं," नाना म्हणाले आणि बाटली परत करून आले. मेडिकलवाल्याने परत घेतली, हे त्याच्या बाजूने नोंदवून ठेवतो.

खरी कॅप्सूल निराळी. आत डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेलं पॅन्क्रिएटिन, बारीक दाण्यांच्या रूपात, आणि प्रत्येक दाण्यावर आम्लाला न जुमानणारं आवरण. जठरातल्या आम्लात लायपेज तगत नाही. आवरण असलं तर दाणे जठर ओलांडून आतड्यात जाऊन उघडतात. म्हणून ती चावायची नाही, कुटायची नाही. गिळता येत नसेल तर उघडून दाणे सफरचंदाच्या गरासारख्या आंबटसर, मऊ, गार पदार्थावर घालून लगेच गिळायचे. आणि मोजमाप मिलिग्रॅममध्ये नव्हे, लायपेजच्या युनिटमध्ये : १०,०००, २५,०००, ४०,०००. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला साधारण चाळीस-पन्नास हजार, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे, अशी सुरुवात करतात. नानांचा हिशेब पंचवीस हजारांच्या दिवसाला सहा कॅप्सुलांचा. महिन्याला एकशे ऐंशी. तालुक्याच्या दुकानात एक पाकीट येतं आणि ते 'कुणी विचारत नाही' म्हणून कंपनीला परत जातं; आणि ते नसतं म्हणून कुणी विचारत नाही.

आठवडाभराने कॅप्सूल आली. डबी तीच, कंपनी तीच, रंग थोडा वेगळा. नाना आनंदले. काकी मात्र बादल्या ओततच राहिली. तीन आठवड्यांत नानांचं वजन आणखी दोन किलो उतरलं, तेव्हा कुठे कुणीतरी डबीवरचा आकडा वाचला. दहा हजार. पंचवीस शॉर्ट होती म्हणून पोराने दहाची दिली होती, 'सेमच आहे' म्हणून. नाना पंचवीसच्या दोनऐवजी दहाच्या दोनच घेत होते. पन्नास हजारांच्या जागी वीस हजार. शंभराच्या नोटेऐवजी चाळीस रुपये हातात ठेवावेत आणि 'नोट सेमच आहे, गांधी तेच आहेत' म्हणावं, तसं.

यात पोराला फाशी द्यायचं कारण नाही. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव नव्हतं, फक्त ब्रँडचं होतं. आकडा होता, पण तो डॉक्टरी अक्षरात होता. तो २५ आहे, दोनदा आहे की '२ आठवडे' आहे, यावर आमच्या घरात मतदान झालं होतं. आपल्याकडे डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव, तेही शक्यतो मोठ्या अक्षरात लिहावं, असा नियम २०१६ सालापासून आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये तो सक्तीचा आणि कडक करून पाहिला. तीन आठवड्यांत स्थगित झाला. अक्षरांचं सोडा. माझं म्हणणं एवढंच की ज्या औषधात आकडा हाच जीव आहे, तिथे आकडा तरी वाचता यावा.

मग नानांनी बहिणीच्या मुलाला फोन लावला. तो लंडनच्या जवळ असतो. कोकणात काही मिळालं नाही तर मुंबईला विचारायचं आणि मुंबईत मिळालं नाही तर भाच्याला, ही आमची पुरवठा साखळी. "दोन डब्या पाठव रे." भाचा म्हणाला, "मामा, इकडे पण शॉर्ट आहे."

नानांना वाटलं पोरगं टाळतंय. पण खरं होतं. मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य खात्याने या कॅप्सुलांच्या टंचाईबद्दल देशभर धोक्याची सूचना काढली. डिसेंबरात पुन्हा काढली. कच्चा माल अपुरा, कारखान्यांची क्षमता अपुरी, मागणी मात्र वाढलेली. आता फरक बघा. तिथेही खिडकीवर 'नाही' हेच उत्तर होतं, पण त्या 'नाही'च्या मागे एक कागद होता. डॉक्टरांनी एका वेळी महिन्याभरापेक्षा जास्त लिहायची नाही, म्हणजे एकाच्या कपाटात सहा महिन्यांचा साठा आणि दुसऱ्याच्या घरी उपास असं होणार नाही. ठरलेली ताकद नसेल तर दुसरी कुठली, किती द्यायची. परदेशातून आणायची तर कशी मागवायची. मारामार तीच, पण कोण कोणाला फोन करणार हे ठरलेलं. आमच्याकडे फोन नाना करतात. माल परदेशातही नव्हता, हे ऐकून त्यांना बरं वाटलं हे कबूल करायला हवं. टंचाई साहेबाच्या देशातही असली की आपली टंचाई जरा प्रतिष्ठित होते.

भाच्याने फोनवर आणखी एक गोष्ट सहज सांगून टाकली. "मामा, ते डुकराचं असतं, माहितीय ना?"

माहीत नव्हतं. मुंबईत कुणी सांगितलं नव्हतं, मुरूडात कुणी सांगितलं नव्हतं. घरात शांतता पसरली. काकीने गॅस बंद केला. नानांनी माळेला हात लावला, जरा वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "वराह अवतार आहे ना? मग चालेल."

नानांनी सोडवलं, सगळ्यांना असं सोडवता येत नाही. आणि हा किनारा कुणाचा आहे ते बघा. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनला पिढ्यान्‌पिढ्यांची कोकणी मुसलमान घरं. अलिबागला इस्रायल आळी, तिथलं सिनेगॉग. नवगावला ज्यांचे पूर्वज जहाज फुटून किनाऱ्याला लागले असं सांगतात ते बेने इस्रायल. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना 'शनिवार तेली' म्हणे. त्यांच्यातले बहुतेक आता इस्रायलला गेले, आळी आहे. शिवाय आमचे माळकरी, जैन दुकानदार. म्हणजे डुक्कर वर्ज्य असलेली माणसं या पट्ट्यात मुबलक, आणि औषध फक्त डुकराचं. त्याच तोडीचं वनस्पतीचं अजून बाजारात नाही. इलाज म्हणून, दुसरा पर्याय नसताना घ्यायला हरकत नाही असं सांगणारे जाणकार मुसलमानांत आहेत, ज्यूंतही आहेत. पण ते विचारायला आधी माहीत तर हवं. डॉक्टरांना वाटतं सांगितलं तर पेशंट घेणार नाही. पेशंटला तिसऱ्याच माणसाकडून कळतं आणि मग तो डॉक्टरांचं काहीच घेत नाही. ब्लडप्रेशरची गोळीसुद्धा उलटसुलट करून बघू लागतो.

इथे आमच्या मुरूडच्या डॉक्टरांची एन्ट्री. सात बाटल्यावाले. नाना त्यांच्याकडे गेले ते सल्ल्याला नव्हे, भांडायला. "तुम्ही लोक लिहिता आणि मोकळे होता. मी रिटायर माणूस, मला काम नाही म्हणून मी चार दुकानं फिरतो. बाकीच्यांनी काय करायचं?"

डॉक्टरांनी एक गोष्ट केली, जी करताना मी कुठल्याच डॉक्टरला पाहिलं नव्हतं. त्यांनी पेशंटसमोर मेडिकलला फोन लावला. तिथून स्टॉकिस्टचा नंबर घेतला. स्टॉकिस्ट म्हणाला, पंधरा दिवस तरी नाही. मग डॉक्टर खिडकीबाहेर बघत थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "अरे, बाहेर तो बसलाय ना!"

बाहेर बाकावर एका औषध कंपनीचा एमआर बसला होता. टाय, बॅग, घाम. दर पंधरवड्याला येणारा, पेन देणारा, कॅलेंडर देणारा, 'सर, या महिन्यात थोडं बघा' म्हणणारा. त्याची कंपनी वेगळी होती, पण या कॅप्सूलच्या कंपनीचा माणूस त्याच्याच खोलीत, पनवेलला राहत होता. संध्याकाळपर्यंत उत्तर आलं : पनवेलच्या एका दुकानात चार डब्या, पेणला एक. औषध कुठे पडून आहे ही माहिती सगळ्या जिल्ह्यात एकाच जमातीकडे अचूक असते, आणि आपण तिला वर्षानुवर्षं बाहेर बाकावर बसवून ठेवतो.

मग त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली. मी ती फोटो काढून ठेवलीय, नमुना म्हणून. मोठ्या अक्षरात पॅन्क्रिएटिन, आवरणवाले दाणे. लायपेज २५,००० युनिट, दोन वेळच्या जेवणाला दोन-दोन, नाश्त्याला एक, संध्याकाळच्या खाण्याला एक. खाली : २५ नसेल तर १०,००० च्या, दोनच्या जागी पाच, एकच्या जागी तीन. (अडीच होतात, अर्धी कॅप्सूल देव करत नाही, म्हणून तीन.) त्याखाली : सिरप चालणार नाही. या ओळीखाली दोन रेघा. ज्या माणसाने मला सर्दीला सिरप दिलं त्याच्या हातून त्या दोन रेघा मारल्या गेल्या, याचं मला फार अप्रूप वाटलं. आणि सगळ्यांत खाली स्वतःचा मोबाइल नंबर, 'शंका असल्यास दुकानदाराने फोन करावा'. दुकानदाराने फोन केलाही. बारा वर्षं दोघं एकाच रस्त्यावर दुकान मांडून आहेत; ओळख आत्ता झाली.

औषध असून वाया घालवण्याच्या आमच्या पद्धतीही मग उजेडात आल्या. नाना कॅप्सूल जेवण झाल्यावर घेत. आपल्याकडे औषध म्हणजे 'जेवणानंतर', असा संस्कार आहे. ही मात्र जेवणासोबतच घ्यायची : पहिल्या घासाला एक, मध्यावर दुसरी. जेवण पुढे गेल्यावर पाठवलेलं विकर म्हणजे वरात गेल्यावर आलेला बँड. शिवाय नाना ती कडकडीत चहाबरोबर गिळत. विकर हे प्रथिन, त्याला उष्णता सोसत नाही. साठवणही थंड, कोरड्या जागी, पंचवीस अंशांच्या आत. मे महिन्यातल्या मुरूडला पंचवीस अंश म्हणजे कवीकल्पना. आणि डबी होती स्वयंपाकघरात, गॅसच्या वरच्या फळीवर, मसाल्याच्या डब्याशेजारी, कारण 'जेवताना हाताशी बरी'. ती आता देवघरात गेली. घरातली सगळ्यांत गार खोली तीच. देवाला हरकत नाही, वराह अवतार.

एक जुनं पथ्यही गेलं. ऑपरेशननंतर कुणीतरी 'तेल-तूप, खोबरं बंद' सांगितलं होतं. कोकणी माणसाचं खोबरं बंद करणं म्हणजे त्याचं नागरिकत्व काढून घेणं. पूर्वी सर्रास सांगत. आता, कॅप्सूल पुरेशी मिळत असेल तर, चरबी तोडू नका असंच सांगतात, कारण माणूस आधीच वाळलेला असतो आणि तुपाबरोबर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही जायची थांबतात. फक्त डॉक्टरांनी बजावलं की अन्न अंगी लागू लागलं की साखरेवर लक्ष ठेवा; स्वादुपिंड गेलं की इन्सुलिनचाही घोळ होतो. काकीने त्यातलं 'खोबरं चालेल' एवढंच ऐकलं.

राहिला प्रश्न माल आणायचा. रो-रो बोटीमुळे मांडवा मुंबईच्या दाराशी आलं म्हणतात. खरंच आलंय. शुक्रवारी संध्याकाळी मोटार येते, मोटारीत कुत्रा येतो, कुत्र्याचं खाणं येतं, बार्बेक्यूचा कोळसा येतो. १२ जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही आहे, जवळजवळ बावीस किलोमीटरचा. समुद्रावरून मुंबई इतकी जवळ आली की बंगल्यांचे भाव मुंबईचे झाले. औषध मात्र अजून पेण-वडखळ-पोयनाडवरूनच येतं, कारण औषधाचा बंगला नसतो. ऑनलाइन मागवलं तर ४०२४०१ हा पिनकोड टाकल्यावर पडद्यावर एक चाक गरगरत राहतं. ते बघून नाना म्हणाले, "ही पण वडखळला आहे."

डॉक्टरांनी तेव्हा एक शब्द वापरला जो मी औषधाच्या संदर्भात प्रथमच ऐकला : आगोट. पावसाळ्याआधी तांदूळ, सुकी मासळी, मसाला, सरपण भरून ठेवतात ती आगोट. "जूनच्या आधी एक महिन्याची जास्तीची डबी घरात हवी," ते म्हणाले, "एकच. सहा नकोत, पनवेलला दुसराही कुणी नाना असेल." ३ जून २०२० चं निसर्ग वादळ याच किनाऱ्याला लागलं, तेव्हा कित्येक गावांत कितीतरी दिवस ना वीज होती ना रस्ता. त्या दिवसांत ज्यांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये होतं त्यांनी काय केलं हे डॉक्टरांनी बघितलंय. ते त्याबद्दल फार बोलत नाहीत.

तर आता व्यवस्था अशी. डॉक्टर महिन्याच्या वीस तारखेला पनवेलच्या दुकानाला मेसेज टाकतात. त्यांच्या लक्षात आलं की तालुक्यात नानांसारखे आणखी दोघं आहेत. तिघांची मागणी एकत्र गेली की दुकानदार डब्या परत पाठवत नाही. डबी मुरूड गाडीने येते. एसटीच्या पार्सलची रीतसर पावती करून. हे छापायला नानांनी मला बजावून सांगितलंय. 'पार्सल ड्रायव्हरच्या केबिनमध्ये इंजिनाच्या बॉनेटवर ठेवू नये' असं डॉक्टर खोक्यावर लाल शाईने लिहून घेतात.

मागच्या बुधवारी मी नानांबरोबर स्टँडवर गेलो होतो. सव्वाबाराची गाडी, एक वाजत आला होता. घरी काकीने वरणभात, वर तूप, नारळाची चटणी करून ठेवलेली. डबीतल्या कॅप्सुला सकाळी संपल्या होत्या. खिडकीत नवा कंट्रोलर होता, तिशीतला. नानांनी विचारलं.

"वडखळला आहे, येईल."

नाना बाकावर येऊन बसले. सवयीने. पाच मिनिटं गेली असतील. मग उठले, पुन्हा खिडकीपाशी गेले, आणि तीस वर्षांत त्यांना स्वतःला कुणी कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं :

"वडखळला कोणी बघितली?"